उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रवासाच्या कादंबऱ्या

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की शाळेच्या ग्रंथसंग्रहाचे कपाट विद्यार्थ्यांसाठी मोकळे करावयाचे, हा परिपाठ आम्ही गेली कित्येक वर्षे चालविला आहे. प्रत्येकाने दोन पुस्तके घरी न्यावीत व जून महिन्यात शाळा उघडताच ती परत आणावीत, एवढीच अट. कोणती न्यावीत याविषयी आम्ही सक्ती करीत नाही. परिणाम असा होतो की, थोर पुरुषांची चरित्रे व निबंधसंग्रह आपापल्या जागी स्वस्थ राहतात. आणि ज्यांत जहाज फुटते, वाट चुकते, नायिका हरवते व शेवटच्या प्रकरणात सापडते, अशी पुस्तके पहिल्या अर्ध्या तासात नाहीशी होतात.

पालकवर्गापैकी काहींस ही आवड रुचत नाही, व ते आम्हांस तसे स्पष्ट सांगतातही. एका सद्गृहस्थांचे म्हणणे असे की, सुट्टीत पुढल्या इयत्तेचे गणित करून घ्यावे. कादंबऱ्यांनी गुण वाढत नाहीत. दुसऱ्या एका सद्गृहस्थांस प्रवासाचे वावडे नव्हते, पण त्या प्रवासात नायक-नायिकांचे जे प्रेम जमते त्याची त्यांस धास्ती होती. पहिल्या आक्षेपाचा विचार आम्ही येथे करीत नाही. ज्या मुलास मे महिन्यातही बीजगणित सोडविण्याची हौस आहे, त्यास कोणतीही कादंबरी अडवू शकत नाही. दुसऱ्या आक्षेपाकडे पुढे वळू. परंतु मागे एका एप्रिल महिन्यात तिसराच एक आक्षेप आमच्यापुढे आला, व तो मात्र आमच्या मनात घर करून बसला.

आठवीतील एका मुलीचे वडील शाळेत आले होते. ऊसतोडीहून परतून त्यांस चार दिवसही झाले नव्हते. पुस्तकाविषयी बोलण्यास ते आले नव्हते, दाखल्याचे काही काम होते. ते आटोपल्यावर जाता जाता ते म्हणाले, "सर, पोरगी दिवसभर हिंडायच्या गोष्टी वाचती. आम्ही अर्धं साल हिंडतोच की! त्याच्यात वाचण्यासारखं काय असतं?" या बोलण्यात राग नव्हता, उपहासही नव्हता. त्यांस खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्ही त्यांस इतकेच म्हटले, "पुस्तक सुट्टीभर घरात राहू द्या. मग आपण बोलू."

आमच्या तालुक्यातील वाचकांस पुढील चार ओळी सांगावयास नकोत. पण हे वार्षिक बाहेरगावीही जाते, म्हणून लिहितो. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरील अनेक घरांस कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि ट्रकमध्ये भांडीकुंडी, धान्य, शेळी, लहान मूल असा सारा संसार भरून माणसे साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. तेथे पाचटाची कोपी घालून राहावयाचे, पहाटेच्या थंडीत फडात उतरावयाचे, मोळ्या बांधावयाच्या व डोक्यावरून गाडीत भरावयाच्या. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. ज्या मुलांची सोय आजीआजोबांकडे अथवा हंगामी वसतिगृहात लागते ती शाळेत टिकतात. उरलेली आईबापांच्या मागे जातात. तेव्हा प्रवास म्हणजे मौज, असे समीकरण मांडणाऱ्या शिक्षकाने पाथर्डीत जरा जपूनच बोलावे.

आणि तरीही ही मुले तीच पुस्तके नेतात.

आमच्या इकडील उन्हाळा कसा असतो ते ज्यांनी भोगले आहे त्यांसच ठाऊक. गर्भगिरीचे डोंगर होळीनंतर तांबूस-करडे पडतात, विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि सकाळी दहानंतर पत्र्याच्या घरात बसवत नाही. टँकर यावयाचा असला म्हणजे घागरी व हंडे रांगेत मांडून मुले लिंबाच्या सावलीत बसतात. त्या रांगेत आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके पाहिली आहेत. एक मुलगा तर आपला हंडा चार घागरी मागे गेला तरी उठेना; पुढे त्याच्या थोरल्या बहिणीने पुस्तक व कान एकाच वेळी धरून त्यास जागे केले. मागाहून आम्ही विचारले तेव्हा कळले की, पृथ्वीच्या पोटात शिरलेले तीन प्रवासी त्या वेळी पाण्यावाचून तडफडत होते, व खडकापलीकडून झऱ्याचा आवाज येऊ लागला होता. टँकरच्या रांगेत बसून ते प्रकरण सोडून उठणे कोणास जमले असते?

प्रवासाच्या गोष्टी आम्हां मराठी लोकांस परक्या आहेत, त्या साहेबाबरोबर आल्या, असे कित्येक समजतात. आमच्याच पंचक्रोशीत पाहावे. 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ 1819 सालचा. श्रद्धेचा विषय बाजूस ठेवून केवळ कथानक पाहिले तर त्यात काय नाही? मच्छिंद्र स्त्रीराज्यात जाऊन रमतो, गोरक्ष त्यास शोधीत तेथे जातो, आणि वाटेत राजे, राण्या, शाप, उःशाप, युद्धे. हे सारे देशोदेश हिंडणारे नाथ आमच्याच डोंगरांत विसावले, अशी लोकांची समजूत आहे. मढीस कानिफनाथांची समाधी, पलीकडे मायंब्यास मच्छिंद्रनाथांचे स्थान. होळीपासून मढीची यात्रा भरते, गाढवांचा बाजार लागतो, व भटक्या जमातींची माणसे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. ज्या घरात श्रावणात ही पोथी वाचली जाते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या हातातील प्रवासाची कादंबरी पाहून नाक मुरडावे याचे आम्हांस नवल वाटते. पोथीस सोवळे आहे व कादंबरीस नाही, हा भेद आम्हांस समजतो. पण मुलाच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते दोहींत फारसे निराळे नसते.

छापील मराठी कादंबरीचा तर जन्मच वाटेवर झाला. बाबा पद्मनजी यांचे 'यमुनापर्यटन' 1857 साली प्रसिद्ध झाले, व मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याची गणना होते. ग्रंथकार ख्रिस्ती होते याचा आमच्या समाजास अभिमान वाटतो हे आम्ही लपवीत नाही. परंतु पुस्तकाची योग्यता त्यावर अवलंबून नाही. यमुना ही तरुण स्त्री आपल्या पतीसह, विनायकासह, प्रवासास निघते व ठिकठिकाणी तिला विधवांची दुःखे पाहावयास व ऐकावयास मिळतात. काही पाने उपदेशाने जड झाली आहेत. विद्यार्थी ती गाळतात व त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही. पण ध्यानात घ्यावयाचे ते हे की, त्या काळी घरंदाज स्त्रीस सासर, माहेर व तीर्थयात्रा यांपलीकडे रस्ता नव्हता. अशा स्त्रीस ग्रंथकाराने घराबाहेर काढले, आणि बाहेर काढल्याबरोबर तिला इतर स्त्रियांचे बोलणे ऐकू आले. घरात बसून ती कादंबरी लिहिताच आली नसती.

योगायोग असा की, त्याच 1857 साली कुलाब्याकडील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले होते. घरावर कर्ज झाले होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, तेथे दक्षिणा मिळेल, एवढाच हेतू. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या किल्ल्याचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मिळविलेले गमावले, आणि अखेर घरी आणली ती गंगेची कावड. ही हकीकत त्यांनी पुढे लिहून काढली व ती 'माझा प्रवास' या नावाने 1907 साली छापून निघाली. ही कादंबरी नव्हे, घडलेली गोष्ट आहे. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही ती कादंबरीहून कमी गोडीने वाचीत नाही. कर्ज फेडण्यासाठी घर सोडून गेलेल्या माणसाचा हा प्रवास आहे. आमच्याकडील मुलांस तो समजावून सांगावा लागत नाही. उचल हा शब्द त्यात नाही, एवढेच.

आता प्रेमाच्या आक्षेपाकडे वळू. यमुनेच्या मागोमाग मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रीघ लागली. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. सद्गुणी नायिका, कपटी शत्रू, अरण्ये, चोरांचे अड्डे, ताटातूट व पुनर्भेट, असा हा सारा सरंजाम. 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या प्रकाराचा परामर्श घेतला व त्यातील असंभाव्यतेवर कडक टीका केली. टीका योग्यच होती. परंतु रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत जे कारण दिले आहे ते आम्हांस त्या सर्व टीकेहून अधिक बोलके वाटते. त्यांचा आशय असा की, आपल्या लोकांच्या विवाहाच्या रीती व इतर चाली अशा आहेत की, आपल्या आयुष्यात मनोवेधक असे काही घडतच नाही. रोजचे लिहावे तर ते रंजक होत नाही, म्हणून लेखकास अद्भुताकडे वळावे लागते. म्हणजे ज्या समाजात मुलीचे लग्न तिला न विचारता, तिला कळू लागण्यापूर्वीच उरकले जाते, तेथे प्रेमकथा कोठून आणावी? ती गंधर्वनगरीतूनच आणावी लागते.

हे वाक्य दीडशे वर्षांपूर्वीच्या समाजाविषयी आहे असे मानून आम्हांस पुढे जाता आले असते तर बरे झाले असते. 2006 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह प्रतिबंधित आहे. पण वर्गात दिवाळीपर्यंत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी संक्रांतीनंतर का येत नाही, हे आमच्या भागातील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. आईबाप सहा महिने परमुलखात. तरणीताठी पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही त्यांची काळजी खोटी नसते. त्या काळजीपोटीच अक्षता टाकल्या जातात. अशा मुलीने सुट्टीत एखादी प्रेमकथा वाचली तर ती बिघडेल, असे भय ज्या पालकांस वाटते त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो: त्या कथेत शेवटी होते काय? नायकास मुलीचे मन विचारावे लागते. कित्येकदा तिनशे पाने त्यातच जातात. ज्या मुलीस पुढे कोणी तीन शब्दांनीही विचारणार नाही, तिने विचारावयाची रीत असते इतके तरी वाचलेले बरे.

आमच्या जिल्ह्याचा या बाबतीत एक विशेष आहे. मराठी प्रणयकथेचे सर्वांत लोकप्रिय लेखक ना. सी. फडके यांचा जन्म 1894 साली याच जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. 'जादूगार', 'दौलत' या त्यांच्या कादंबऱ्यांनी एक पिढी वेडी केली. आम्हांस त्यांतील टेनिस व टेकड्यांवरील फेरफटके आज थोडे गुळगुळीत वाटतात, व शाळकरी मुलांच्या हाती आम्ही त्या मुद्दाम देत नाही. त्याऐवजी नाथमाधवांचा 'वीरधवल' देतो. 1913 सालचे हे पुस्तक. किल्ले, भुयारे, वेषांतरे व अबाधित प्रेम. नाथमाधव शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडले व त्यांचे पाय कायमचे निकामी झाले. ज्यास खोलीबाहेर पाऊल टाकता येत नव्हते त्याने घोडदौडी लिहिल्या. हे सांगितले की मुले क्षणभर गप्प होतात, आणि मग पुस्तकासाठी भांडतात.

आमच्या लहानपणी मिशनच्या वसतिगृहात रविवारी दुपारी 'यात्रिक क्रमण' वाचावे लागे. बन्यनच्या 1678 सालच्या ग्रंथाचे हे मराठी भाषांतर हरी केशवजी यांनी 1841 साली केले. दलदल, डोंगर, निराश राक्षसाचा किल्ला! आम्ही ते धर्मग्रंथ म्हणून वाचीत आहोत असा मोठ्यांचा समज असे. आम्ही ते साहस म्हणून वाचीत होतो, व आज वाटते की दोहींत विरोध नव्हता. बन्यनसाहेबही तुरुंगात बसलेले होते. बसलेल्या माणसांनी लिहिलेले प्रवास हा एक वेगळाच विषय होईल. तो कधी तरी पुढे.

आता त्या आठवीतील मुलीने कोणते पुस्तक नेले होते ते सांगितले पाहिजे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिआस फॉगची गोष्ट ती. व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या ओळखीच्या झाल्या त्या बव्हंशी भा. रा. भागवतांच्या लेखणीमुळे, व त्यांचे ऋण आमच्यासारख्या शिक्षकांनी मान्य केलेच पाहिजे. फॉग हा इंग्रज गृहस्थ वीस हजार पौंडांची पैज मारून 2 ऑक्टोबर 1872 रोजी लंडनहून निघतो. तेच साल, ज्या साली मराठ्यांनी अद्भुताविरुद्ध निबंध लिहिला! मुंबईस उतरल्यावर त्याचा नोकर मलबार टेकडीवरील देवळात जोड्यांसकट शिरतो व जोडे तेथेच टाकून पळतो. मग रेल्वे. कल्याण, नाशिक, खानदेश, बऱ्हाणपूर. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून गाडी रात्रीच्या अंधारात निघून जाते, याचे आमच्या विद्यार्थ्यांस फार वाईट वाटते.

पुढे एका खेड्यापाशी गाडी थांबते. रूळ संपलेले असतात. पुढला पन्नास मैलांचा मार्ग अजून झालेलाच नाही. वास्तविक मुंबई व कलकत्ता यांस जोडणारा लोहमार्ग 1870 सालीच जबलपुरास पुरा झाला होता. व्हर्नने ते रूळ आपल्या कादंबरीपुरते उखडून टाकले, असे म्हणावयास हरकत नाही. कारण रूळ अखंड असते तर फॉगला हत्ती विकत घ्यावा लागला नसता. हत्ती नसता तर अरण्य लागले नसते. आणि अरण्य नसते तर आउदा भेटली नसती. बुंदेलखंडातील म्हाताऱ्या राजास दिलेली ही मुंबईची पारशी मुलगी पतीच्या चितेवर बळजबरीने चढविली जात असते, व तिला सोडविण्यासाठी घड्याळाचा गुलाम असलेला फॉग आपले मोलाचे तास खर्च करतो. पारशी मुलगी राजाची राणी कशी झाली व सती कशी जाणार, हे विचारू नये. व्हर्न हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता, आणि असल्या ठिकाणी ते चांगलेच दिसून येते. तरी एक गोष्ट त्याने नेमकी साधली आहे. अखेरीस लग्नाची गोष्ट काढते ती आउदा. फॉग नव्हे.

जून महिन्यात शाळा उघडली आणि ती मुलगी पुस्तक परत घेऊन आली. पुस्तकास वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले, व आत खुणेसाठी उसाचे एक वाळके पान. पुस्तक आवडले काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "आवडलं सर, पण फॉगसाहेब बाहेर बघतच नाही." खरेच होते. सुएझचा कालवा येवो की हिमालयाकडील नद्या येवोत, त्या गृहस्थाचे लक्ष घड्याळाकडे व पत्त्यांच्या डावाकडे. जे काही पाहावयाचे ते त्याचा नोकर पाहतो. मग ती थोडे थांबून म्हणाली, "मी लहानपणी दोन वेळा गेले होते कारखान्याला. मला पण काही दिसलं नव्हतं. वर ताडपत्री होती."

हे एवढे बोलून झाल्यावर तिने दप्तरातून एक दोनशे पानी वही काढली. त्यात जे होते ते आम्ही अभ्यास म्हणून दिलेले नव्हते. पहिल्या पानावर एका काठीच्या सावलीची मोजमापे होती. फॉग पूर्वेकडे जात राहिला म्हणून त्यास एक दिवस अधिक मिळाला, हे प्रकरण तिला कळेना. तेव्हा शाळा सुटण्यापूर्वी आम्ही तिला सांगितले होते की, पूर्वेकडे एक अंश सरकले की सूर्य चार मिनिटे लवकर माथ्यावर येतो. तीनशे साठ अंशांची चौदाशे चाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर एक दिवस. तिने अंगणात काठी रोवून पाहिले. एप्रिलच्या मध्यास सावली सर्वांत आखूड झाली ती बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या सुमारास. आपले घड्याळ मिर्झापुराजवळील रेखावृत्तावर लावलेले आहे व पाथर्डी त्याच्या पश्चिमेस सात अंशांहून थोडी अधिक आहे, याचा तो पुरावा. भूगोलाचे हे प्रकरण आम्ही दरवर्षी फळ्यावर शिकवितो. काठी रोवून पाहणारी ही पहिलीच विद्यार्थिनी.

पण वहीतील खरा मजकूर त्यापुढे होता. संध्याकाळी ऊन कलल्यावर ती ओट्यावर बसून आईस व आजीस ते पुस्तक वाचून दाखवीत असे. शेजारच्या दोघीतिघीही येऊन बसत. फॉगच्या प्रत्येक मुक्कामाचे नाव, तारीख व वेळ त्या गोष्टीत दिलेली आहे. तशीच आपल्या आईच्या मुक्कामांची यादी करावी, असे तिच्या मनाने घेतले. आई सोळा हंगाम गेलेली. तिला गावांची नावे क्वचितच ठाऊक. मुक्काम तिने सांगितले ते असे: ट्रक चहाला थांबतो ते चिंचेचे झाड, जेथे धाकट्यास ताप आला होता ते देऊळ, मोठा पूल, ज्याच्या खाली पाणी उन्हाळ्यातही असते. मुलीने शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातून तो पूल शोधून काढला. वाटेत भीमा, नीरा व कृष्णा अशा तीन नद्या लागतात, आणि ज्या पुलावरून आई सोळा वर्षे गेली तो भीमेवरचा होता. "आईला म्हटलं, ही पंढरपूरचीच चंद्रभागा. तर ती बराच वेळ काही बोललीच नाही," असे ती आम्हांस सांगत होती. आईने पंढरपूर अजून पाहिलेले नाही.

दर मुक्कामापुढे तिने तीन रकाने पाडले आहेत: कोठे, किती वाजता, काय दिसले. पहिले दोन रकाने बरेच भरले आहेत. तिसऱ्यात अनेक ठिकाणी 'अंधार' असे लिहिलेले आहे.

तिच्या वडिलांस आम्ही 'मग बोलू' असे म्हटले होते. ते पावसाळ्यात शाळेकडे आले तेव्हा आम्ही ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती आधीच पाहिली होती. किंबहुना कारखान्यांच्या नावांत दोन चुका होत्या त्या त्यांनीच दुरुस्त करून दिल्या होत्या. वाचण्यासारखे काय असते, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही, व आम्हीही काढला नाही. पेरणीच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. दसऱ्यानंतर ते दोघे पुन्हा निघून गेले, मुलगी आजीजवळ राहिली, व नववीत आली. या वर्षी सुट्टीत तिने विष्णुभटांचे पुस्तक नेले आहे.

जाण्यापूर्वी तिच्या आईने मुलीकडून एक शंका विचारून पाठविली होती. हत्ती चालविणाऱ्या त्या पारशी माहुतास फॉगने अखेरीस तो हत्तीच बक्षीस देऊन टाकला, हे ऐकल्यापासून ती शंका तिच्या मनात होती. हत्ती दिला तो मजुरीच्या हिशेबात धरला, की मजुरी वेगळी दिली? मुलीने मधल्या सुट्टीत कपाट उघडवून पुस्तक पुन्हा काढले, अलाहाबादचे प्रकरण शोधले, व तेथेच उभ्याने वाचून आम्हांस सांगितले, "ठरलेली मजुरी आधी पूर्ण दिली, सर. हत्ती वेगळा." आणि हे आईस त्याच दिवशी कळले पाहिजे म्हणून तिने आमच्याजवळ फोन मागितला.